धर्माची गाय आणि गोधडीचा टाका

दर बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास चर्चच्या सभागृहामागील खोलीतून हसण्याखिदळण्याचा आवाज येतो. शाळेतून परतणारी मुले खिडकीतून डोकावतात आणि ‘आजीबायांची शाळा’ असे ओरडून पळून जातात. ती शाळा आमची. आम्ही बाराजणी तेथे चटईवर बसून गोधड्या शिवतो.

आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच कुटुंबांनी आम्हांला जुनी लुगडी, साड्या, चादरी दिल्या आहेत. तेव्हा त्या कापडाचे पुढे काय झाले हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. किती गोधड्या झाल्या आणि कोठे गेल्या याचा हिशेब सूचना फलकावर लावलेला आहे, तो पुन्हा येथे देत नाही. आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे. तो गेली दोन वर्षे आमच्या चटईवर पडून आहे. त्यावर आमचे वाद झाले, एकदा अबोलाही झाला, आणि अजून आमचे पूर्ण एकमत झालेले नाही. प्रश्न असा : ज्याला आपण धर्म म्हणून काही देतो, त्याने त्या देण्यात खोट काढली, तर ते योग्य आहे काय?

प्रसंग सांगण्याआधी गोधडीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नव्या पिढीला ती दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळणारी वस्तू वाटते. गोधडीला खाली एक अखंड लुगडे लागते, ते अस्तर. त्यावर जुने धोतर, फाटकी चादर, परकर असे कापड सपाट पसरायचे, ती भर. वर तुकडे जोडलेले किंवा दुसरे लुगडे घालायचे. कापड सरकू नये म्हणून आधी मोठे कच्चे टाके मारायचे आणि मग धावदोरा घ्यायचा. हा धावदोरा काठापासून सुरू होतो आणि चौकोनाच्या आत चौकोन घेत मध्यापर्यंत जातो. चौघीजणी चार बाजूंनी बसल्या की सगळ्यांचे हात हळूहळू मध्याकडे सरकतात आणि डोकी जवळ येतात. घरातली कोणतीही गोष्ट त्या अंतरावरून लपत नाही. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या मुलाचा गल्फमधून फोन आला नाही, कोणाची रक्तातली साखर वाढली, हे सगळे आम्हांला गोधडीच्या मध्यावर कळते. आमच्यातील दोघी शेताच्या बांधावरून नऊ वर्षे बोलत नव्हत्या. त्या एकाच गोधडीच्या समोरासमोरच्या काठांवर बसल्या होत्या. मध्यावर आल्यावर एकीला दोरा संपला म्हणून दुसरीकडे मागावा लागला. एवढेच झाले.

सांगायचे म्हणजे, हा गट आम्हांला फार आवडतो. आणि जे आपल्याला फार आवडते त्याच्यावर कोणी बोट ठेवले की राग लवकर येतो.

2023 च्या आगमनकाळात आम्ही तालुक्याच्या पूर्वपट्टीतील वीटभट्ट्यांवर गोधड्या घेऊन गेलो. या भट्ट्यांवर कातकरी आणि वारली कुटुंबे दिवाळीनंतर येतात आणि पाऊस तोंडावर आला की आपल्या पाड्यावर परत जातात. हंगामाआधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि विटा थापून ती फेडायची असते. भट्टीच्या कडेलाच विटा रचून, वर गवत किंवा प्लॅस्टिक टाकून झोपडी केलेली असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेथे जो गारवा असतो तो आपल्याला सिमेंटच्या घरात समजत नाही. पहाटेच चिखल तुडवायला उठावे लागते, हे वेगळेच.

गोधड्या दिल्या, मुलांना केक दिला, नाताळची गाणी म्हटली, फोटो काढले. सगळ्यांनी घेतले, सगळ्यांनी हात जोडले. आम्ही समाधानाने परतलो.

जानेवारीतल्या एका बुधवारी एक बाई आमच्या दारात उभी राहिली. वय चाळिशीचे असेल, पण हातावरून साठीचे वाटत होते. तिचे नाव येथे देत नाही, कारण विचारले तेव्हा ती लाजून नको म्हणाली. तिच्या काखेत आम्हीच दिलेली गोधडी होती. आम्हांला वाटले आणखी एक हवी असेल. तिने ती आमच्यापुढे पसरली आणि म्हणाली, “ताई, रागावू नका. टाका लांब घेतलाय तुम्ही. मुलाचा पाय त्यात अडकतो आणि दोरा तुटतो. अशी एक पावसाळाभर पण टिकायची नाय. मी अर्धी परत घातली, बघा.”

खरोखरच अर्ध्या गोधडीवर तिने आमचा दोरा उसवून स्वतःचा घातला होता. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, सरळ रेषेत. उरलेल्या अर्ध्या भागावर आमचा टाका होता. दोन्ही शेजारी शेजारी होते, त्यामुळे वेगळे काही सांगण्याची गरज नव्हती.

खोलीत कोणी बोलले नाही. मग आमच्यातील एकीने चहा केला. ती चहा पिऊन, गोधडी घेऊन गेली. ती फाटकाबाहेर पोहोचली नसेल तोच एकीच्या तोंडून ती म्हण निघाली : धर्माची गाय आणि दात का गं नाही?

म्हण जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. आमच्यातील बहुतेकींचे तेव्हा तेच मत होते. पाठ दुखते, डोळ्याला चष्मा आहे, घरचे उरकून आम्ही येथे येतो; कोणी पगार देत नाही. ज्याला फुकट मिळाले त्याने निदान चुका तरी काढू नयेत. कृतज्ञता हा काही श्रीमंतांनी शोधलेला नियम नव्हे. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, एकच परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारलेच. हा मुद्दा आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने मांडला आणि तो खोडून काढणे सोपे गेले नाही.

पण घरी जाऊन लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. प्रभूने आपले आभार मानायला कोणी आले नाही असे म्हटलेले नाही. देवाचा गौरव करायला कोणी परत आले नाही काय, असे विचारले आहे. आणि त्या नऊजणांचे बरे होणे काढून घेतल्याचे कोठेही लिहिलेले नाही. शिवाय, हेही मनाशी कबूल करावे लागले की आमच्याकडे आलेली बाई तर परतच आली होती. सहा-सात किलोमीटर चालून, एका दिवसाची मजुरी बुडवून. बाकीच्या गोधड्या घेणाऱ्यांपैकी कोणी आले नव्हते. मग या हिशेबात ती नऊजणांत की एकटी आलेल्यात?

त्या म्हणीचेही तसेच. धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्याने मोजू नयेत, हे ठीक. पण देणाऱ्याने मोजायचे की नाही, याविषयी म्हण गप्प आहे. ज्याच्या गोठ्यातून गाय निघते त्याला तिचे दात माहीत असतात. म्हातारी गाय देऊन पुण्य घ्यायचे आणि समोरच्याने तोंड उघडले तर त्याला कृतघ्न म्हणायचे, ही सोय त्या म्हणीत आहे खरी.

आमच्यातील सर्वांत थोरली बाई फारसे बोलत नाही. तिने त्या आठवड्यात कोणाला न सांगता आमच्या कपाटातील एक तयार गोधडी घरी नेली आणि रात्री अंगावर घेतली. पुढच्या बुधवारी ती एवढेच म्हणाली, “मी दोनदा उठले. शेवटी माझी ब्लँकेट काढली.” मग कारण शोधले. आपल्याकडून येणाऱ्या साड्या आता बहुतेक नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या असतात. ते कापड गुळगुळीत असते, एकमेकांवरून सरकते, दोरा त्यात धरत नाही. घाम आला तर शोषत नाही आणि थंडीत अंगाला गार लागते. जुन्या सुती लुगड्याला वीस वर्षांच्या धुण्याने जो मऊपणा येतो तो त्याला येत नाही. आम्हांला हे माहीत नव्हते असे नाही. आमच्या स्वतःच्या नातवंडांची दुपटी आम्ही सुती कापडाचीच शिवली होती. प्रत्येकीने. एकीनेही बाळाला पॉलिएस्टर लावले नव्हते.

हे लक्षात आल्यावर खोलीत पुन्हा एकदा शांतता झाली. ती पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ टिकली.

येथे संत मार्टिनची गोष्ट आठवते. त्याचा सण 11 नोव्हेंबरला येतो. आजच्या फ्रान्समधील आमिएं शहराच्या वेशीजवळ, कडाक्याच्या थंडीत, सैनिक असलेल्या मार्टिनला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिनजवळ अंगावरच्या झग्याशिवाय काही उरले नव्हते. त्याने तलवारीने झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या रात्री स्वप्नात त्याला तो अर्धा झगा पांघरलेला प्रभू येशू दिसला. इतके आपण लहानपणापासून ऐकले आहे. पण त्याचे चरित्र लिहिणाऱ्या सुल्पिसियस सेव्हेरसने एक बारीक तपशील नोंदवला आहे : अर्धवट कापलेल्या झग्यातला मार्टिन इतका विचित्र दिसू लागला की आजूबाजूचे काही लोक त्याला हसले. मार्टिनने घरी जाऊन जुना झगा शोधून आणला नाही. भिकाऱ्याच्या अंगावर जे कापड होते तेच मार्टिनच्याही अंगावर होते. एकाला थंडी वाजली असती तर दुसऱ्यालाही तेवढीच वाजली असती. त्या झग्याच्या लॅटिन नावावरूनच पुढे ‘चॅपल’ हा शब्द आला. म्हणजे आपण ज्या चॅपलमध्ये गुडघे टेकतो त्याचे नाव अर्ध्या कापलेल्या पांघरुणाचे आहे.

तेव्हापासून आमचा एक नियम झाला. कपाटातील कोणतीही गोधडी देण्याआधी आमच्यापैकी एकीने ती एक रात्र अंगावर घ्यायची, मग धुऊन, उन्हात वाळवून द्यायची. ती जर रात्री उठली, तर गोधडी उसवायची. नियम कंटाळवाणा आहे. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही दिल्या त्याहून जास्त गोधड्या उसवल्या. एक बाई गट सोडून गेली. तिच्यावर आमचा राग नाही. तिचे म्हणणे असे की, थंडीने कुडकुडणाऱ्याला आज एक साधी गोधडी मिळणे हे चार महिन्यांनी चांगली मिळण्यापेक्षा बरे. हे खोटे नाही. निर्गमाच्या पुस्तकात गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत करा अशी आज्ञा आहे, कारण रात्री तो काय पांघरील? थंडी टाक्याचा आकार विचारत नाही. या बाजूला आम्ही पुरते उत्तर देऊ शकलेलो नाही.

मात्र दुसऱ्या एका गोष्टीने आमचे मन या बाजूला झुकले. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. अनेकजण गोव्यातून पळून तेथील रानात वसले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिक बांधवही आहेत. सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. तीही कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्यावर येते. कॅथलिक बायकांच्या कवंदीवर कधी क्रूसही असतो. कवंदी पूर्ण झाली की चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात. त्यांना फुला म्हणतात, म्हणजे फुले. या फुलांनी ऊब वाढत नाही. पण ज्या कवंदीला फुला नाही ती त्यांच्या मते उघडी, नागडी.

विचार करा, ज्यांच्या पणज्यांना माल म्हणून विकले गेले, त्यांनी आपल्या लेकरांच्या पांघरुणाविषयी असे ठरवले की नुसती ऊब पुरत नाही. आणि आम्ही येथे बसून म्हणत होतो, भट्टीवरच्या माणसांना ऊब मिळाली म्हणजे झाले, नक्षी कशाला? ‘उघड्याला वस्त्र द्या’ हे प्रभूचे वचन आपण पाठ केले आहे. पण कोपऱ्याला फूल नसलेले पांघरूण दिले, तर त्याला वस्त्र दिले असे म्हणायचे की अजून तो थोडा उघडाच आहे?

आता मूळ बाईकडे येतो. आम्हीच तिला निरोप पाठवून बोलावले. मुकादमाला विचारून ती महिन्यातून एखाददुसऱ्या बुधवारी येऊ लागली. सुरुवातीला ती दाराजवळ बसे. गोधडी खुर्चीवर बसून शिवता येत नाही, हा एक मोठा फायदा. सगळ्यांना खालीच बसावे लागते. तिच्या हाताखाली आमच्यातील तिघीजणी धावदोरा नव्याने शिकल्या, त्यातली एक शिवणाचे वर्ग घेत असे. टाका मोठा पडला की ती बोलत नाही, फक्त बोटाने कापडावर टकटक करते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची, म्हणजे दुर्कसची, हकीकत आहे. ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा रडत पेत्रापुढे आल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व कपडे त्याला दाखवू लागल्या. मूळ ग्रीक शब्दावरून अभ्यासक सांगतात की त्या बहुधा अंगावर घातलेलेच कपडे दाखवत होत्या. संत लूक तेथे एक साधी नोंद करतो : हे कपडे दुर्कसने त्यांच्याबरोबर असताना केले होते. त्यांच्यासाठी, असे नाही, त्यांच्याबरोबर. आम्ही भट्टीवर गेलो होतो तेव्हा किती वेळ बरोबर होतो? टेम्पो उभा होता तेवढा वेळ. चाळीस मिनिटे.

दिवंगत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या नाताळच्या दिवशी स्वाक्षरी केलेल्या ‘देव प्रीती आहे’ या परिपत्रकात हाच धोका दाखवला होता. आपले दान घेणाऱ्याला अपमान वाटू नये असे वाटत असेल, तर आपली वस्तू देऊन भागत नाही, त्या दानात आपण स्वतः हजर असावे लागते, असा त्यांचा आशय आहे. वाचायला सोपे आहे. पण स्वतः हजर असणे म्हणजे समोरच्याच्या नजरेसमोर असणे, आणि त्या नजरेला आपला लांब टाका दिसतो.

तिला आम्ही मैत्रीण म्हणतो. हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळते, हे लपवून काय उपयोग? मागच्या फेब्रुवारीत आम्ही चौघी तिच्या झोपडीवर गेलो. तिने जर्मनच्या टोपात काळा चहा केला, गूळ घातला. त्याआधी पाणी पुढे केले. पाणी कोठले असेल, या विचाराने आमच्यातील एकीचा हात क्षणभर थांबला. ते तिने पाहिले आणि दुसरीकडे बघून चुलीत लाकूड सारले. वर्षभर आमच्या हातचा चहा ती पीत होती. तिने एकदाही कप निरखला नव्हता. आपण शिष्यांना आता दास न म्हणता मित्र म्हणतो, असे प्रभू योहानाच्या शुभवर्तमानात सांगतो, ते सांगण्याच्या थोडे आधी त्याने त्यांचे पाय धुतले होते आणि पेत्राला ते करून घेणे जड गेले होते. द्यायला आम्ही शिकलो होतो. त्या पाण्याच्या पेल्यापुढे कळले की घेणे आम्हांला अजून येत नाही. पाणी शेवटी सगळ्यांनी प्यायले. मेमध्ये तिने पळसाच्या पानात बांधून करवंदे आणली, ती मात्र आम्ही भांडून खाल्ली.

मग पाऊस जवळ आला. कुटुंबे पाड्यांवर निघाली. शेवटच्या बुधवारी तिच्याकडे एक गोधडी अर्धवट होती. सगळी सुती, आमच्यातील थोरल्या बाईच्या लाल लुगड्याचे अस्तर असलेली. तीन कोपऱ्यांना तिने फुले लावली होती. सिद्दी बायकांची गोष्ट तिला आम्हीच सांगितली होती आणि ती तिला फार आवडली होती. चौथा कोपरा राहिला. “दिवाळीनंतर येईन तेव्हा घालते,” असे म्हणून तिने सुई त्याच कोपऱ्यात खोचून ठेवली.

पण यंदा मुकादम त्यांना कोणत्या भट्टीवर नेईल हे तिच्या हाती नाही. उचल ज्याची, भट्टी त्याची. तिने दिलेला फोन नंबर मुकादमाचा आहे आणि तो उचलत नाही. आता पुन्हा थंडी सुरू झाली आहे. निवृत्त शिक्षिका म्हणतात, आम्ही चौथे फूल लावू आणि कोणाला तरी ती गोधडी देऊन टाकू. कपाटात ठेवलेल्या गोधडीने कोणाची थंडी जात नाही. थोरली बाई म्हणते, कोपरा तिचा आहे, त्याला हात लावू नका. दोघींचे म्हणणे आम्हांला पटते. येत्या बुधवारी पुन्हा बसणार आहोत. ज्यांना यावर काही सांगायचे असेल त्यांनी तीन वाजता यावे. येताना एखादे जुने सुती कापड, धुऊन, आणावे.